मेंटॉरचं रजिस्टर आणि रँग्लर परांजप्यांचा दहा रुपये दंड

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत एक लेख आला होता की प्रत्येक कॉलेजात मुलांना मार्गदर्शन करायला, त्यांचं चारित्र्य घडवायला वेगळा 'डीन' नाहीतर 'मेंटॉर' नेमावा. हेतू चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण लेखकांनी जाता जाता असंही लिहिलंय की आपल्याकडे ही पद्धत कधी नव्हतीच, ती बाहेरच्या देशांतून शिकून घ्यावी लागेल. ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, जागा असेल तेवढं छापा.

मी एका अनुदानित कॉलेजात ऑफिसात नोकरी केली, क्लार्क म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून रिटायर झालो. त्यामुळे मेंटॉर हा प्रकार मला लेखातून नाही, फायलीतून माहितीये. नॅकवाले, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेचे लोक, विचारतात की एका मेंटॉरमागे मुलं किती. मग एकूण मुलांना शिक्षकांच्या संख्येनं भागायचं, येईल तो आकडा टाकायचा, आणि प्रत्येक सरांना एक रजिस्टर द्यायचं. नाव, मोबाईल, वडिलांचा व्यवसाय, 'विद्यार्थ्याची समस्या', 'केलेलं समुपदेशन', सही. नॅकची तपासणी करणारी पीअर टीम यायच्या आधीच्या आठवड्यात ही रजिस्टरं भरली जायची आणि समस्येच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'नाही, नाही, नाही'. आता चारशे-पाचशे पोरांच्या गावाकडच्या कॉलेजात कुणालाच समस्या नाही म्हणजे रामराज्यच म्हणायचं.

खऱ्या समस्या यायच्या आमच्या खिडकीवर. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपचा ऑनलाईन फॉर्म रिजेक्ट झालाय, एटीकेटीची (राहिलेल्या विषयांच्या परीक्षेची) फी भरायला मुदत द्या, वडील वारले आता टीसी द्या कामाला जातो, बोनाफाईड कशाला हवं विचारलं की मुलगी खाली बघते आणि बरोबरचा काका सांगतो की लग्न ठरलंय. हे सगळं खिडकीवरच्या क्लार्कला कळतं, मेंटॉरला नाही. यात सरांना दोष देत नाही, त्यातले निम्मे सीएचबीवरचे (क्लॉक अवर बेसिस), तासाला पैसे, पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे ज्याला माहीत नाही तो पोराला तीन वर्षांचं काय सांगणार.

आता परंपरा नव्हती म्हणता त्याबद्दल. पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज 2 जानेवारी 1885 ला सुरू झालं. पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे, तेच संस्कृत-इंग्रजी कोशवाले. ते 1892 साली गेले तेव्हा वय अवघं 34. मग गोपाळ गणेश आगरकर प्राचार्य झाले, ते 1895 च्या जूनमध्ये गेले, वय 38. मग महादेव शिवराम गोळे, आणि 1902 पासून रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, म्हणजे आमच्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रँग्लर परांजपे. हे 1924 पर्यंत होते, 22 वर्षं. यांच्यापैकी कुणाच्या दारावर 'डीन' अशी पाटी नव्हती, मेंटॉर हा शब्द तर तेव्हा कुणी ऐकलाही नसेल, पण ज्या कामासाठी तुम्ही आज पद मागताय ते काम हेच लोक करत होते आणि वर्गावर शिकवत शिकवत करत होते.

आणि हे लोक स्वतः कुणाच्या तरी हाताखालून घडून आलेले होते, हे विसरून चालणार नाही. आपट्यांचे आईवडील लहानपणीच गेले, कोल्हापूरला राजाराम हायस्कूलचे हेडमास्तर महादेव मोरेश्वर कुंटे यांनी हा पोरगा हेरला आणि पुढे आणला. आगरकर घरचे अत्यंत गरीब, अकोल्यात त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनींसारखे हेडमास्तर मिळाले. परांजप्यांना त्यांच्या नात्यातले अण्णासाहेब, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे, शिकायला स्वतःकडे घेऊन गेले. म्हणजे ज्याला कुणीतरी हात दिला होता तो पुढे दुसऱ्याला हात देत होता. ही साखळी कुठल्या जीआरनं तयार झालेली नव्हती.

परांजप्यांचं जरा सविस्तर सांगतो कारण ते प्रकरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. 1899 साली केंब्रिजला गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनिअर रँग्लर, म्हणजे पहिल्या नंबरात, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. सरकारी नोकरीत केवढ्याला जाऊन बसले असते. पण परदेशी जायच्या आधी फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीला शब्द दिलेला, तो पाळायला परत आले आणि वयाच्या 26 व्या वर्षी प्राचार्य झाले. पगार सोसायटीच्या आजीव सदस्यांचा (कित्येक वर्षं सेवेचं वचन दिलेल्या शिक्षकांचा) ठरलेला तोच, महिना पंच्याहत्तर रुपयांच्या आसपास. सरकारी कॉलेजातल्या गोऱ्या प्रोफेसरांना याच्या कितीतरी पट मिळायचे.

आता 1905. बंगालच्या फाळणीवरून देश पेटलेला, पुण्यात ऑक्टोबरात विदेशी कपड्यांची होळी झाली, लोकमान्य टिळक हजर, 'काळ' साप्ताहिकाचे कर्ते शिवराम महादेव परांजपे हजर (हे परांजपे वेगळे, प्राचार्य वेगळे, गोंधळ नको). होळीच्या मागे होता फर्ग्युसनच्या होस्टेलमधला बी.ए.चा विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर. प्राचार्य परांजप्यांनी त्याला दहा रुपये दंड केला आणि होस्टेलमधून काढलं. त्या काळचे दहा रुपये म्हणजे खुद्द प्राचार्यांच्या पगाराचा सातवा-आठवा हिस्सा हे लक्षात घ्या. टिळकांनी 'केसरी'त अग्रलेख लिहिला, मथळा काय तर 'हे आमचे गुरूच नव्हेत'.

यातली एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. प्राचार्यांचं वय तेव्हा 29 आणि विद्यार्थ्याचं 22. सात वर्षांचं अंतर! आजच्या हिशोबात सीनिअर आणि ज्युनिअर एवढंच. एकाला वाटतं की शिकायच्या वयात शिका, राजकारण नंतर, कॉलेज सरकारी ग्रँटवर चालतं ते बंद पडलं तर पुढच्या शेकडो पोरांनी जायचं कुठे. दुसऱ्याला वाटतं की देश जळतोय आणि आम्ही वर्गात बसून काय करू. दोघेही पक्के.

माझं मत विचाराल तर परांजपे चुकले. दंड एकवेळ समजू शकतो पण होस्टेलमधून काढायची गरज नव्हती, आणि जे प्राचार्य पुढे स्वतः मुंबईच्या कायदे कौन्सिलात जाऊन बसले त्यांनी पोरांना राजकारण वर्ज्य करावं यात विसंगती होतीच, ती लोकांनी तेव्हाही दाखवली. पण तरीसुद्धा मी हे उदाहरण परांजप्यांच्या बाजूनंच देतोय, कारण त्या पोराला नक्की माहीत होतं की शिक्षा कुणी केली, का केली, आणि भांडायचं असेल तर कुणाशी. प्राचार्यांनी कमिटी नेमून तिच्या मागे तोंड लपवलं नाही, 'वरून आदेश आहे' असं म्हणाले नाहीत. केसरीनं झोडपलं तरी तोंडदेखली माफी नाही आणि मुलावर सूडही नाही, सावरकर त्याच वर्षाच्या शेवटी बी.ए. झाले आणि पुढच्या वर्षी विलायतेला गेले. गंमत बघा, ज्या होस्टेलमधून काढलं त्याच होस्टेलमधली सावरकरांची ती 17 नंबरची खोली आज त्याच कॉलेजनं जपून ठेवलीये, जयंतीला लोक दर्शनाला जातात.

मुद्दा असा की चारित्र्य घडतं ते कुणीतरी 'चांगलं वागा' असं सांगितल्यानं नाही. समोर एक माणूस लागतो ज्याची मतं उघड आहेत, ज्याला त्या मतांची किंमत मोजताना आपण बघितलंय, मग त्याचं ऐकून घडा नाहीतर त्याच्याशी भांडून घडा. सावरकर भांडून घडले म्हणा. आगरकर उघड नास्तिक, 'सुधारक' हे पत्र चालवायचे, चिडलेल्या पुणेकरांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, आणि तो माणूस कॉलेजात येऊन पोरांना इतिहास, तर्कशास्त्र शिकवायचा, दम्यानं बेजार असताना. आपल्या अंत्यविधीचे पैसे पुडीत बांधून ठेवले होते म्हणे, लोकांना त्रास नको म्हणून. अशा माणसानं वर्गात नीतीवर एक शब्द नाही काढला तरी चालतं. त्यांचे सगळे विद्यार्थी काही नास्तिक झाले नाहीत, बरेचसे तर घरी जाऊन नेमानं संध्याच करत असतील.

आता दुसरी बाजू, ही मला होळीपेक्षाही महत्त्वाची वाटते आणि पेपरात हिच्यावर कुणी लिहीत नाही. इरावती कर्वे, मूळच्या करमरकर, वडील तिकडे ब्रह्मदेशात नोकरीला, मुलगी शिकायला पुण्यात हुजूरपागेत, मुलींच्या शाळेत. तिथे वर्गात शकुंतला परांजपे, प्राचार्यांची मुलगी. मैत्री झाली आणि शकुंतलाबाईंच्या आईनं या मुलीला घरीच राहायला आणलं, आपली दुसरी मुलगी समजून. म्हणजे इरावतीबाई वाढल्या त्या प्राचार्यांच्या घरात, जिथे पुस्तकं होती, विलायतेच्या गप्पा होत्या, देव न मानणारा यजमान होता, आणि जेवताना मुलींनाही मत विचारलं जात असणार असं आपलं मला वाटतं. पुढे त्या फर्ग्युसनमधूनच 1926 साली बी.ए. झाल्या, मग समाजशास्त्र-मानववंशशास्त्रात केवढं काम केलं ते सांगायला नको. लग्न झालं ते दिनकर कर्व्यांशी, अण्णासाहेबांचे चिरंजीव, तेही फर्ग्युसनमध्येच केमिस्ट्रीचे प्राध्यापक. ज्या अण्णांनी परांजप्यांना शिकायला हात दिला त्यांच्याच घरात परांजप्यांनी वाढवलेली मुलगी सून म्हणून गेली. आता सांगा, हे कुठल्या रजिस्टरच्या कुठल्या रकान्यात बसवणार? 'केलेलं समुपदेशन : घरी राहायला आणलं' असं लिहायचं का?

आणि यात परांजप्यांपेक्षा त्यांच्या बायकोचं श्रेय जास्त आहे हेही लिहून टाकतो, कारण कॉलेजचा इतिहास सांगताना प्राचार्यांच्या घरच्या बायकांचं नाव कुणी घेत नाही, स्वयंपाकघरात पानं वाढणाऱ्यांनी किती पोरं जगवली याचा कुणी हिशोबच ठेवला नाही.

मी काही जुनं ते सोनं म्हणणारा नाही. तेव्हाच्या फर्ग्युसनमध्ये मुलं किती आणि कुणाची होती ते आपल्याला ठाऊक आहे, बहुतेक पांढरपेशा घरातली, मुली हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. प्राचार्याला पोरं नावानं ओळखता येत होती कारण मुळात आत येणारे थोडे होते. ज्यांना आतच घेतलं नव्हतं त्यांच्या चारित्र्याचं काय, हा प्रश्न कुणी विचारला तर माझ्याकडे उत्तर फर्ग्युसनचं नाही, सातारचं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातीची पोरं एका पंक्तीला, लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडून पोरांना जेवायला घातलं. 1927 ला गांधीजी येऊन गेले. 1947 साली तिथेच छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, कमवा आणि शिका. भाऊराव स्वतः काही पदवीधर नव्हते, प्राचार्य तर नव्हतेच, पण मार्गदर्शन आणि चारित्र्य हे दोन शब्द जिथे खरे वाटतात अशी जागा महाराष्ट्रात दाखवायची म्हटली तर मी आधी सातारा दाखवीन. त्यांच्या कमवा-शिकामधून आलेला माणूस आमच्या ऑफिसात होता, दुपारी शिपाई रजेवर असला की हा स्वतः उठून पोरांना पाणी भरून ठेवायचा, कुणी सांगितलं नव्हतं.

तर हे जमत का होतं आणि आता का जमत नाही, याचं माझं गणित साधं आहे. पहिलं म्हणजे मुक्काम. परांजपे एका खुर्चीवर 22 वर्षं. आता यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमाप्रमाणे प्राचार्याची मुदत पाच वर्षं, फार तर आणखी पाच. माणसं जागेवर चिकटून बसू नयेत म्हणून हा नियम असेल आणि त्याला कारणंही आहेत, काही काही प्राचार्यांनी संस्थाचालकांशी संगनमत करून काय काय केलं ते ऑफिसातल्या माणसानं न बोललेलं बरं. पण पाच वर्षांतली दोन नॅकमध्ये, एक संस्थेच्या राजकारणात आणि बाकी कोर्टाच्या तारखांत गेली तर पोरांना वेळ कधी देणार. त्यात कित्येक ठिकाणी प्राचार्य 'प्रभारी', म्हणजे आज आहे उद्या नाही.

दुसरं, त्या वेळच्या सोसायटीत आजीव सदस्य म्हणजे शिकवणारे हेच चालवणारे. वीस वर्षं सेवेचं बंधन, सगळ्यांना जवळजवळ सारखा पगार, प्राचार्य हा त्यांच्यातलाच एक. भांडणं तिथेही झाली, पगार आणि बाहेरची कमाई यावरून तर एवढी झाली की टिळक 1890 साली सोसायटी सोडून गेले. पण भांडणारे सगळे दुसऱ्या दिवशी वर्गावर जाणारे होते. आता चालवणारे वेगळे, शिकवणारे वेगळे, आणि मधे प्राचार्य म्हणजे लग्नातल्या मध्यस्थासारखा, दोन्हीकडून बोलणी खाणारा. त्याच्याकडून पोरांनी ताठ कणा कसा शिकायचा?

तिसरं म्हणजे वर्ग. रँग्लर असून परांजपे गणित शिकवत होते. मी माझ्या नोकरीत असेही प्राचार्य बघितले की केबिनमध्ये बसल्यापासून फळ्याला हात नाही, पोरांना चेहरा माहीत तो फक्त गॅदरिंगच्या स्टेजवरचा आणि प्रॉस्पेक्टसच्या पहिल्या पानावरचा. आणि एक असेही होते की दर वर्षी एफ.वाय.चा (पहिल्या वर्षाचा) एक विषय स्वतःकडे ठेवायचे, मीटिंगा सोडून तासाला जायचे. त्यांच्या काळात आमच्या खिडकीवरची रड निम्म्यानं कमी झाली होती, कारण पोरगं टीसी मागायला यायच्या आधी सरांना वर्गातली रिकामी जागा दिसायची आणि ते आम्हाला विचारायचे, अरे तो दोन आठवडे आला नाही, बघ जरा फोन करून. फोन केला की कळायचं, वीटभट्टीवर गेलाय, बापाला पैसे हवेत. मग कुठून तरी फीची सोय, परीक्षेपुरता तरी परत. सगळे परत आले नाहीत, काही आले.

म्हणून लेखकांना माझं नम्र सांगणं की नवीन पदाची मागणी करायच्या आधी जरा आसपास बघा. विद्यापीठात विद्यार्थी विकास संचालक आहेत, कॉलेजात विद्यार्थी विकास अधिकारी आहेत, अँटी रॅगिंग कमिटी आहे, तक्रार निवारण कक्ष आहे, मेंटॉर तर आहेच आहे. पदांची काही कमी नाही, त्या पदांवर कायम टिकणारी माणसं नाहीत. आता त्यात डीन घातला तर तोही कुणातरी सरांच्या गळ्यात 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून पडणार, ज्यांच्याकडे आधीच एनएसएस, परीक्षा विभाग आणि इलेक्शन ड्युटी आहे, आणि ऑफिसात अजून एक फाईल वाढणार.

उच्च शिक्षण खात्याला सांगायचंच असेल तर हे सांगा की शिक्षकांच्या रिकाम्या जागा कायमस्वरूपी भरा, प्रभारी प्राचार्य हा प्रकार बंद करा, आणि प्राचार्यांनी आठवड्याला निदान तीन-चार तास एफ.वाय.वर घेतलेच पाहिजेत असा नियम करा, तोही बायोमेट्रिकला जोडून करा, कारण आमचे लोक कागदावर तास घेण्यात पटाईत आहेत. होस्टेल असेल तिथे रेक्टर आवारातच कुटुंबासह राहिला पाहिजे, रात्री वॉचमनच्या भरवशावर नाही. याला फार पैसा लागतो असं नाही, पहिल्या मागणीला लागतो, तो द्यावा लागेल.

आणि हे होत नसेल तर निदान ती मेंटॉरची रजिस्टरं तरी बंद करा. आमच्या कॉलेजात त्यांचं एक अख्खं कपाट भरलंय, पोरींचे मोबाईल नंबर आणि घरचे पत्ते त्यात उघड्यावर पडलेत, आणि कपाटाची चावी हरवून बरेच दिवस झालेत.

कळावे,
आपला एक नियमित वाचक
(निवृत्त कार्यालयीन अधीक्षक), दापोली, जि. रत्नागिरी